रटलंड पाहायचे तर: गोव्याहून इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी आज स्विंडन, लेस्टर किंवा लंडनच्या वेंब्ली-साउथॉल भागात स्थायिक झालेले आहे. मुलांकडे महिना-दोन महिने राहायला जाणारे आईवडील बहुधा लंडनचे दोन-चार प्रसिद्ध देखावे पाहतात, राजवाड्याच्या फाटकासमोर छायाचित्र काढतात आणि परततात. इंग्लंडचे खेडे पाहायचे राहूनच जाते. ज्यांना ते पाहायचे आहे, त्यांनी रटलंडला जावे, आणि कसे जावे, काय पाहावे, काय सोडावे हे सांगण्यासाठी हा लेख आहे. लेस्टरला मुक्काम असेल तर रटलंड रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर आहे, आणि तरीही लेस्टरला वर्षानुवर्षे राहिलेली आपली माणसे तिथे गेलेली नसतात.

रटलंड ही इंग्लंडच्या ऐतिहासिक काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सर्वांत लहान काउंटी. क्षेत्रफळ सुमारे ३८२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सत्तरी तालुक्याहूनही कमी; २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ४१,०००. शहरे म्हणावीत अशी गावे दोनच, ओकम आणि अपिंगहॅम. बाकी सगळी खेडी, शेते, मेंढ्यांची कुरणे आणि मधोमध पसरलेले एक अफाट जलाशय. १ एप्रिल १९७४ रोजी प्रशासकीय पुनर्रचनेत ही काउंटी रद्द करून शेजारच्या लेस्टरशरमध्ये विलीन करण्यात आली. तिथल्या लोकांना ते मान्य नव्हते. पुढे २३ वर्षांनी, १ एप्रिल १९९७ रोजी, रटलंडला पुन्हा स्वतःचा स्वतंत्र कारभार मिळाला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल ज्यांना आठवतो, किंवा ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्या दिवसांतले वाद ऐकले आहेत, त्यांना लहान प्रदेशाच्या वेगळ्या ओळखीचा प्रश्न किती जिव्हाळ्याचा असतो हे सांगायची गरज नाही. मग त्यांची बाजू तेव्हा कोणतीही असो. रटलंड पाहताना ही पार्श्वभूमी मनात ठेवावी. तिथले दुकानदार, चर्चमधल्या स्वयंसेविका, बागेत काम करणारे वृद्ध आपल्या काउंटीविषयी इतक्या आपुलकीने का बोलतात, याचा उलगडा त्यातून होतो.

प्रथम प्रवासाविषयी. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना पर्यटक व्हिसा लागतो हे सर्वांना माहीत असते. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोमंतकीयांनी मात्र हे ध्यानात ठेवावे की व्हिसा लागत नसला, तरी एप्रिल २०२५ पासून त्यांना ईटीए ही ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्यावी लागते. रटलंडमधले मुख्य रेल्वे स्थानक ओकम. बर्मिंगहॅम, लेस्टर, ओकम, स्टॅमफर्ड, पीटरबरो अशा क्रमाने धावणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. लंडनहून यायचे असेल तर किंग्ज क्रॉसहून पीटरबरोला यावे, त्याला तासाभराहून कमी वेळ लागतो, आणि तिथे गाडी बदलून साधारण अर्ध्या तासात ओकम गाठावे. स्विंडनहून लंडनमार्गे किंवा बर्मिंगहॅममार्गे जाता येते. तिकीट आधी काढले तर स्वस्त पडते, आणि सकाळची गर्दीची वेळ टाळली तर आणखी स्वस्त. ज्यांचे वय ६० च्या पुढे आहे त्यांनी सीनियर रेलकार्ड अवश्य काढावे. त्यावर बहुतेक भाड्यांत एक तृतीयांश सूट मिळते आणि कार्डाचा खर्च दोन-तीन प्रवासांत भरून निघतो.

ओकमला उतरल्यावर पुढचा प्रश्न खेड्यांत जाण्याचा. बसगाड्या आहेत, पण विरळ. रविवारी तर बसचा भरवसा धरूच नये. घरातले कोणी गाडी चालवणारे सोबत असेल तर सर्वांत उत्तम. गोव्यातल्याप्रमाणेच तिथेही डाव्या बाजूने गाडी चालवतात, आणि भारतीय परवान्यावर पर्यटकाला १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. मात्र खेड्यांतले रस्ते अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना कुंपणाची दाट झुडपे असतात आणि समोरून ट्रॅक्टर आला की कोणाला तरी मागे सरकावे लागते. पेडण्याच्या किंवा काणकोणच्या आतल्या रस्त्यांवर गाडी चालवलेल्यांना हे जड जाणार नाही.

जाण्याचा काळ एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा निवडावा. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळच्या जेवणानंतरही एखादे खेडे पायी पाहून होते. उलट डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. उन्हाळ्यातही अंगात एक गरम कपडा आणि पिशवीत पावसाळी जॅकेट असू द्यावे. छत्रीचा उपयोग कमी, कारण तिथे पावसाबरोबर वारा असतो. शेतातल्या वाटा चिखलाच्या असतात, म्हणून सपाता किंवा नाजूक चपला नेऊ नयेत.

मुक्काम किमान दोन रात्रींचा ठेवावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रटलंडमध्ये धावतपळत पाहण्यासारखे फार नाही. जे आहे ते थांबून, चालत, लोकांशी बोलत पाहण्याचे आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी ओकममध्ये राहावे, गाडी असलेल्यांनी अपिंगहॅमचा विचार करावा. ओकमचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, अपिंगहॅमचा शुक्रवारी. अपिंगहॅमच्या बाजाराची सनद १२८१ सालची आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची सवय असलेल्यांना हे दोन्ही बाजार फार लहान वाटतील, तरीही मुक्काम त्यांपैकी एखादा दिवस पकडून ठरवावा, कारण आसपासच्या खेड्यांतली माणसे त्याच दिवशी एकत्र दिसतात.

ओकममध्ये सर्वांत आधी किल्ला पाहावा. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर आग्वाद किंवा तेरेखोल येतो, पण इथे तट-बुरूज शोधू नयेत. बाराव्या शतकाच्या अखेरीस, साधारण ११८० ते ११९० च्या दरम्यान, वॉकेलिन द फेरर्स या सरदाराने बांधलेले एक मोठे सभागृह एवढेच आज शिल्लक आहे. आत शिरताच चारही भिंतींवर टांगलेले घोड्यांचे नाल दिसतात. प्रथा अशी की राजघराण्यातली किंवा उमराव वर्गातली व्यक्ती पहिल्यांदा या गावी आली की तिने एक नाल भेट द्यायचा. असे २०० हून अधिक नाल तिथे आहेत, आणि शिल्लक असलेल्यांत सर्वांत जुना नाल चौथ्या एडवर्ड राजाने इ.स. १४७० च्या सुमारास दिलेला मानतात. ते घोड्याच्या पायात बसतील असे साधे नाल नव्हेत. पुष्कळसे माणसाच्या छातीएवढे, रंगवलेले, सोनेरी मुलाम्याचे, वर मुकुट बसवलेले आहेत. सगळ्यांची टोके खाली केलेली असतात. इंग्लंडमध्ये इतरत्र नशीब सांडू नये म्हणून नाल टोके वर करून टांगतात. रटलंडमध्ये मात्र नालाच्या खोबणीत सैतानाने घर करू नये म्हणून तो उलटा टांगायचा असे मानतात. नाल पाहून झाले की नजर खांबांच्या माथ्यांकडे न्यावी. दगडी पानांच्या नक्षीवर वाद्ये वाजवणाऱ्या लहान मूर्ती बसवल्या आहेत. बहुतेकींची वाद्ये तुटली आहेत, पण हातांच्या ठेवणीवरून कोण काय वाजवत असेल याचा अंदाज बांधता येतो.

किल्ल्याच्या जवळच बाजारचौकात बटरक्रॉस नावाचा आठ बाजूंचा, उतरत्या छपराचा लाकडी मंडप आहे. पूर्वी इथे लोणी आणि अंडी विकत असत. त्याच्याखाली गुन्हेगारांचे पाय अडकवण्याची जुनी लाकडी फळी ठेवली आहे. तिला पाच भोके आहेत. पाचवे भोक कशासाठी, याची उत्तरे गावात विचाराल तितकी मिळतील. शेजारीच ओकम स्कूल आहे. ते आणि अपिंगहॅमचे स्कूल ही दोन्ही रॉबर्ट जॉन्सन या धर्माधिकाऱ्याने एकाच वर्षी, १५८४ साली स्थापन केली.

आता जलाशयाकडे. रटलंड वॉटर हे पाण्याच्या पृष्ठफळाचा विचार करता इंग्लंडमधले सर्वांत मोठे जलाशय, सुमारे १२.६ चौरस किलोमीटरचे. एम्पिंगहॅम गावाजवळ ग्वॉश नदीच्या खोऱ्यात मातीचे धरण बांधून १९७० च्या दशकात ते तयार झाले. ग्वॉश अगदी लहान नदी. एवढे पाणी तिच्याने साठणारे नव्हतेच, म्हणून वेलंड आणि नेन या दोन नद्यांचे पाणी पंपांनी उचलून इथे आणतात. या पाण्याखाली नेदर हॅम्बलटन हे खेडे जवळजवळ पूर्ण गेले आणि मिडल हॅम्बलटनचाही बराच भाग गेला. टेकडीवरचे अपर हॅम्बलटन तेवढे राहिले, आणि ते आता तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले आहे.

साळावली धरणात गेलेले कुर्डी गाव ज्यांनी मे महिन्यात पाणी ओसरल्यावर पाहिले आहे, त्यांनी नॉर्मंटनचे चर्च पाहायला अवश्य जावे. कुर्डीचे महादेवाचे प्राचीन देऊळ दगड न् दगड सुटा करून दुसरीकडे उभारण्यात आले. नॉर्मंटनचे चर्च हलवले नाही. धरण झाल्यावर पाण्याची पातळी चर्चच्या जमिनीच्या वर येणार होती आणि इमारत पाडायचे ठरत होते. लोकांनी ती वाचवण्यासाठी चळवळ केली, तेव्हा चर्चचा खालचा अर्धा भाग दगड-काँक्रीटने भरून काढला, खिडक्यांच्या निम्म्या उंचीवर नवी जमीन घातली आणि काठापासून तिथपर्यंत भरावाची वाट केली. आज ते चर्च पाण्यात कमरेइतके उभे असल्यासारखे दिसते. जवळ जाऊन खिडक्या नीट पाहाव्यात: उंच कमानीदार खिडकीचा फक्त वरचा भाग उरला आहे आणि उंबरठ्याच्या जागी दगडांचा भराव आहे. गावे बुडण्याचे दुःख आपल्याकडचे आणि त्यांच्याकडचे वेगळे नाही, आणि वाचवण्याच्या या दोन रीती शेजारी ठेवून पाहिल्या की दोन्हींचे मोल कळते.

जलाशयाभोवतीची वाट हॅम्बलटनच्या भूशिरासह सुमारे ३७ किलोमीटर आहे, भूशीर वगळले तर सुमारे २७. पूर्ण प्रदक्षिणा सायकलनेच करावी. व्हिटवेलच्या काठावर सायकली भाड्याने मिळतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी नॉर्मंटनच्या वाहनतळापासून चर्चपर्यंत आणि पुढे धरणाच्या बांधावर चालावे, तेवढ्या सपाट रस्त्याने पाण्याचा सगळा विस्तार दिसतो. पोहता येणारी जागा ठरलेली असते, ती सोडून पाण्यात उतरू नये. पाणी भर उन्हाळ्यातही थंड असते.

पक्षी पाहणाऱ्यांसाठी रटलंड वॉटर हे तीर्थक्षेत्रच आहे. मासे पकडणारा ऑस्प्रे हा शिकारी पक्षी इंग्लंडमधून एकोणिसाव्या शतकात नाहीसा झाला होता. १९९६ पासून स्कॉटलंडमधली पिल्ले आणून इथे वाढवण्यात आली आणि २००१ साली इथल्या घरट्यात पहिले पिल्लू जन्मले. हे पक्षी मार्चच्या उत्तरार्धात पश्चिम आफ्रिकेतून येतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परत जातात. लिंडनच्या पक्षिनिरीक्षण केंद्रातून मॅन्टन उपसागरातले घरटे दुर्बिणीने दिसते. तिथले स्वयंसेवक स्वतःची दुर्बीण लावून देतात आणि मनापासून माहिती सांगतात. त्यांना सांगावे की ऑस्प्रे आम्हीही हिवाळ्यात मांडवीवर पाहतो. गप्पा तासभर चालतील. दुसरे केंद्र एगल्टनला आहे, तिथे हिवाळ्यात हजारो बदके उतरतात. करमळीच्या तळ्यावर ज्यांनी बदके पाहिली आहेत, त्यांना थापट्यासारखे ओळखीचे पक्षी तिथे भेटतील. याच जलाशयाच्या चिखलात २०२१ साली सुमारे १० मीटर लांबीच्या इक्थिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा सापडला, जवळजवळ १८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळी ही सारी भूमी उथळ समुद्राखाली होती.

केटन गावाजवळच्या एका शेतात २०२० साली रोमन काळातील मोझाइकची फरशी सापडली, तिच्यावर ट्रॉयच्या युद्धातले अकिलीस आणि हेक्टर यांचे प्रसंग आहेत. ती जागा खासगी असून संरक्षित आहे आणि फरशी पुन्हा मातीने झाकली आहे, म्हणून तिच्या शोधात वेळ घालवू नये.

खेडी पाहताना दगडाकडे लक्ष द्यावे, कारण रटलंडचा स्वभाव दगडात आहे. पश्चिमेकडच्या गावांतली घरे लोहयुक्त दगडाची, मधासारख्या तपकिरी रंगाची. पूर्वेकडे केटन आणि क्लिपशमच्या बाजूला फिकट चुनखडीची. केटनचा दगड केंब्रिजच्या महाविद्यालयांना गेला, क्लिपशमचा लंडनच्या संसदभवनाच्या दुरुस्तीला. तपकिरी दगडाचा रंग लोखंडाचा, आपल्या चिऱ्याला लाली येते तीही लोखंडामुळेच. लिडिंग्टन हे अशा तपकिरी घरांचे लांबलचक, एकाच रस्त्याचे गाव आहे. तिथले बीड हाउस ही लिंकनच्या बिशपांच्या वाड्याची एक बाजू. १६०० साली टॉमस सेसिल या सरदाराने तिचे निराधार वृद्धांच्या धर्मशाळेत रूपांतर केले आणि बारा गरीब पुरुष व दोन स्त्रियांची सोय केली. वरच्या मजल्यावरचे कोरीव लाकडी छत आणि खाली त्या वृद्धांच्या चिंचोळ्या खोल्या, दोन्ही एकाच इमारतीत पाहायला मिळतात. ते वर्षभर उघडे नसते, म्हणून वेळ आधी पाहून जावे.

डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यांतल्या वाचकांना मी एक ठिकाण खास सुचवेन. एक्स्टन आणि कॉट्समोरच्या परिसरात विसाव्या शतकात लोहखनिजाच्या उघड्या खाणी होत्या. एक्स्टन पार्कच्या खाणीत सनड्यू नावाचे प्रचंड चालते उत्खननयंत्र १९५७ पासून काम करत होते. खाण बंद झाल्यावर १९७४ साली ते स्वतःच्या पायांनी शेते, रस्ते आणि रेल्वेमार्ग ओलांडत सुमारे २१ किलोमीटरवरच्या कॉर्बीला गेले, आणि त्याला जवळजवळ दोन महिने लागले. कॉट्समोरजवळच्या ‘रॉक्स बाय रेल’ या संग्रहालयात त्या यंत्राची चालकाची खोली, खनिजाचे डबे आणि लहान इंजिने ठेवली आहेत. ते ठरावीक दिवशीच उघडते. पण संग्रहालयाइतकेच महत्त्वाचे आहे ते बाहेरचे दृश्य. या भागात रस्त्यावरून जाताना काही शेते रस्त्याच्या पातळीहून बरीच खाली गेलेली दिसतात, जणू कोणी जमिनीचा एक थर अलगद काढून घेतला आहे. खनिज काढून झाल्यावर वरची माती पुन्हा पसरली, आणि तिथे आज गहू पिकतो. आपल्या बंद पडलेल्या खाणींच्या काठावर राहणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा डोळ्यांनी पाहावे, प्रश्न विचारावेत, आणि काय शक्य आहे याची नोंद घेऊन यावे असे मला कळकळीने वाटते.

चर्चपैकी दोन निवडावीत. टिकनकोटच्या चर्चमधली नॉर्मन काळातली कमान अद्वितीय आहे: एकात एक बसवलेल्या कमानींच्या ओळी, प्रत्येक ओळीची नक्षी वेगळी, मधून डोकावणारे प्राण्यांचे आणि माणसांचे चेहरे, आणि साऱ्या भाराने मध्यभागी किंचित खचलेली तिची रेषा. दुसरे स्टोक ड्रायचे, जिथल्या भिंतीवर मध्ययुगीन चित्रे टिकून आहेत. त्या टेकडीखालीच आयब्रुक जलाशय आहे. मे १९४३ मध्ये जर्मनीतल्या धरणांवर हल्ला करणाऱ्या वैमानिकांनी त्याआधी इथे सराव केला होता. परतताना सीटनजवळून वेलंड खोऱ्यावरचा ८२ कमानींचा रेल्वेपूल पाहावा, तो १ किलोमीटरहून अधिक लांब आहे.

चालण्याच्या वाटांविषयी एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना ठाऊक नसते. तिथे खासगी शेतांतूनही सार्वजनिक पायवाटा जातात आणि त्यांवरून चालण्याचा हक्क कोणालाही असतो. पिवळा बाण दिसला की निःशंक आत जावे. फाटक जसे सापडेल तसे ठेवावे: बंद असेल तर मागे बंद करावे. मेंढ्यांच्या जवळ जाऊ नये. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर क्रमांक २३४ हा नकाशा विकत घ्यावा. त्यात प्रत्येक पायवाट आहे, आणि खेड्यात मोबाइलचे सिग्नल नसले तरी तो चालतो.

जेवणाचे आधी ठरवावे. खेड्यांतल्या पबचे स्वयंपाकघर बहुधा दुपारी दोनच्या सुमारास बंद होते आणि सहानंतर उघडते. तीन वाजता पोचलेल्याला चहा-केकवर भागवावे लागते. शाकाहारी पदार्थ जवळजवळ सगळीकडे मिळतात, मात्र सूप कशाच्या रसात केले आहे ते विचारून घ्यावे. मासळीशिवाय ज्यांचे जेवण होत नाही त्यांनी ट्राउट मागवावा, नारळाच्या हुमणाची अपेक्षा न ठेवता.

हाताशी एकच दिवस असेल तर सकाळच्या गाडीने ओकम गाठून किल्ला आणि बाजारचौक पाहावा, दुपारी टॅक्सीने नॉर्मंटनला जाऊन चर्च आणि बांध पाहावा, आणि वेळ उरला तर लिंडन किंवा एगल्टन यांपैकी एक केंद्र गाठावे: एप्रिल ते ऑगस्टमध्ये लिंडन, थंडीत एगल्टन. परतीची टॅक्सी सकाळीच ठरवून ठेवावी, कारण जलाशयाच्या काठावर ती आयत्या वेळी मिळत नाही.